इंडोनेशियातल्या सोलो शहराच्या सेकातेन जत्रेला कधी जावं, काय पाहावं?
ईद-ए-मिलादच्या आधीच्या आठवड्यात जा. तारीख मात्र इंडोनेशियातली बघा, आपल्याकडची नको. एखाद्या दिवसाचा फरक पडतो. रात्रीची जत्रा भरते राजवाड्यासमोरच्या उत्तर मैदानात, पण खरी मजा शेजारच्या मोठ्या मशिदीच्या अंगणात. तिथे राजवाड्याचे दोन गामेलान वाद्यसंच आळीपाळीने वाजतात. गुरुवार संध्याकाळपासून शुक्रवारच्या नमाजापर्यंत ते बंद. नेमके तेव्हाच गेलात तर हात हलवत परत याल.

खरेदीत पत्र्याची बोट घ्या. आतली तेलाची वात पेटवली की टपटप करत पाण्यावर पळते. आधी मागच्या नळ्यांत पाणी भरा, नाहीतर जागची हलत नाही. शेवटच्या दिवशी 'गुनुंगान'वर, म्हणजे डोंगरासारख्या रचलेल्या भाज्या-खाऊच्या ढिगावर, झुंबड उडते. मुलं बरोबर असतील तर कडेलाच थांबा.