पेशीपटलातून कोलेस्टेरॉल काढून टाकल्यास त्याची प्रवाहिता वाढते की कमी होते?

याचे उत्तर तापमानावर अवलंबून आहे. ‘कोलेस्टेरॉल काढले की पटल अधिक प्रवाही होते’ हे सरसकट विधान अपुरे आहे. कोलेस्टेरॉलची ताठ वलये फॉस्फोलिपिडांच्या (पटल ज्या मेदरेणूंचे बनते त्यांच्या) शेपट्यांना खेटून बसतात. त्यामुळे लिपिडाच्या संक्रमण तापमानाच्या, म्हणजे ज्या तापमानाला ते गोठलेल्या अवस्थेतून प्रवाही होते त्याच्या वर (डीपीपीसी या फॉस्फोलिपिडासाठी सुमारे ४१ अंश सेल्सिअस) या शेपट्यांची वळवळ आवरली जाते, तर त्याखाली त्यांची घट्ट, स्फटिकासारखी रचना होऊ शकत नाही. म्हणून कोलेस्टेरॉल काढल्यावर उष्ण बाजूला पटल अधिक प्रवाही व पाण्यासारख्या लहान रेणूंना अधिक पारगम्य होते, थंड बाजूला मात्र ते गोठून ताठर होते आणि एरवी पुसट झालेले संक्रमण पुन्हा ठळक दिसू लागते.

सस्तन प्राण्यांच्या पेशीपटलात असंतृप्त (कमी संक्रमण तापमानाची) लिपिडे भरपूर असल्याने ३७ अंशांना सहसा पहिलाच, म्हणजे उष्ण बाजूचा, परिणाम दिसतो. मेथिल-बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन हे कोलेस्टेरॉल बांधून घेणारे रसायन वापरून कोलेस्टेरॉल खेचून घेतल्यास पटलात मिसळलेल्या डीपीएच या प्रदीप्त रेणूची विषमदिशता (त्याचे फिरणे किती रोखले जाते याचे माप) घटते, म्हणजेच शेपट्यांची शिस्त सैलावते. परंतु जिवंत पेशीत पटलातील प्रथिनांचे आडवे विसरण (पटलाच्या पातळीत सरकत पसरणे) याच उपचाराने मंदावल्याचेही आढळते, कारण पटलाच्या आतील ॲक्टिन या प्रथिनतंतूंचे जाळे बदलते. तेव्हा शेपट्यांची शिस्त आणि आडवे विसरण ही दोन मापे एकच मानू नयेत.