डाग काढा, त्वचा राहू द्या

प्रश्न : फोटोशॉपमध्ये फोटोतल्या चेहऱ्यावरचे डाग काढले की चेहरा मेणाच्या पुतळ्यासारखा दिसू लागतो. ब्लर (धूसरपणा) कमी ठेवला तर डाग राहतात, वाढवला तर त्वचाच नाहीशी होते. ब्लर नेमका किती द्यावा?

उत्तर : इथे आकड्याने काम होणार नाही. सगळ्या चेहऱ्यावर एकच ब्लर फिरवला की रंगाचे चट्टे आणि त्वचेची छिद्रे दोन्ही एकदम पुसली जातात. त्वचा जिवंत वाटते ती या छिद्रांमुळे आणि बारीक लवेमुळे. म्हणून पोत एका लेअरवर (थरावर) आणि रंग-उजेड दुसऱ्या लेअरवर घेऊन दोन्हींवर वेगवेगळे काम करायचे. याला फ्रिक्वेन्सी सेपरेशन म्हणतात.

त्याआधी मुरूम, पुटकुळ्या हाताने काढून घ्या. फोटोशॉपमध्ये वर एक रिकामा लेअर घेऊन हीलिंग ब्रश निवडा आणि ‘सॅम्पल’मध्ये ‘करंट अँड बिलो’ ठेवा. ब्रश डागापेक्षा किंचितच मोठा हवा. गालावरचा डाग गालाच्याच त्वचेने भरा. कपाळाचा किंवा नाकाचा पोत तिथे आणला तर ठिगळ लगेच कळते. केसांच्या रेषेला किंवा ओठाच्या कडेला लागून डाग असेल तर हीलिंग ब्रश तिथे काळपट फराटा उठवतो, कारण तो भोवतालचा रंग आत ओढून मिसळतो. अशा जागी क्लोन स्टॅम्पच वापरा, तो रंग न मिसळता जसाच्या तसा उतरवतो.

मग जे दिसते ते सगळे एकत्र करून एक लेअर बनवा (कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि ई) आणि त्याची आणखी एक प्रत काढा. वरची प्रत तात्पुरती बंद करून खालच्या प्रतीला गॉशियन ब्लर द्या. छिद्रे दिसेनाशी होईपर्यंतच रेडियस (ब्लरचा पसारा) वाढवा. नाक-डोळ्यांचा आकार विरघळू लागला म्हणजे तो जास्त झाला. आता वरची प्रत चालू करून ‘अप्लाय इमेज’ उघडा आणि ‘लेअर’मध्ये ब्लर केलेला लेअर निवडा. फाइल ८ बिटची असेल (हे ‘इमेज’च्या ‘मोड’मध्ये दिसते) तर ‘सबट्रॅक्ट’, स्केल २, ऑफसेट १२८. १६ बिटची असेल तर ‘अॅड’, ‘इन्व्हर्ट’वर खूण, स्केल २, ऑफसेट ०. शेवटी वरच्या लेअरचा ब्लेंड मोड ‘लिनियर लाइट’ करा. आता फोटो हुबेहूब आधीसारखा दिसायला हवा. कडक किंवा करडा दिसला तर बहुतेक वेळा ८ आणि १६ बिटच्या आकड्यांची गल्लत झालेली असते.

गालावर लाल चट्टा असेल तर खालच्या लेअरवर लॅसोने (मोकळ्या हाताने निवडायच्या साधनाने) तेवढाच भाग निवडा, फेदर (कडेचा मऊपणा) १५ ते २० पिक्सेल द्या आणि थोडा ब्लर करा. छिद्रे वरच्या लेअरवर सुरक्षित राहतात. निवड जबड्याच्या कडेपर्यंत मात्र नेऊ नका. तिथे मागच्या पार्श्वभूमीचा रंग त्वचेत झिरपतो आणि हनुवटीभोवती मळकट वलय उमटते. ते शंभर टक्के झूमवर पटकन लक्षात येत नाही, फोटो लहान करून पाहिला की ठसठशीत दिसते. म्हणून दर थोड्या वेळाने पूर्ण फोटो पडद्यावर मावेल इतका लहान करून बघा.

गिंप (फोटोशॉपसारखे मोफत सॉफ्टवेअर) वापरत असाल तर २.१० आवृत्तीपासून ‘एन्हान्स’च्या यादीत ‘वेव्हलेट डिकंपोज’ आहे. तो पोताचे अनेक थर आपणहून वेगळे करून देतो.

प्रश्न : डोळ्यांखालची काळी वर्तुळे उजळली की तिथे राखाडी पट्टा दिसतो. असे का होते?

उत्तर : तिथली सावली नुसती गडद नसते, तिच्यात निळसर-जांभळी झाकही असते. उजेड वाढवला तरी ती झाक राहते आणि त्वचा राखेसारखी दिसते. ‘सॉफ्ट लाइट’ मोडचा लेअर घेऊन तो ५० टक्के करड्या रंगाने भरा आणि पांढऱ्या मऊ ब्रशने, ३ ते ५ टक्के फ्लोवर (ब्रशमधून रंग उतरण्याच्या वेगावर), हळूहळू उजळा. त्यावर ‘कलर’ मोडचा रिकामा लेअर घेऊन गालाचा रंग उचला आणि १५-२० टक्के ओपॅसिटीने (अपारदर्शकतेने) तिथे फिरवा. सावली निम्मीच उठवा. पूर्ण घालवली तर डोळ्याची खोबणच जाते आणि डोळा सपाट दिसतो.

बुबुळाभोवतीच्या पांढऱ्या भागालाही हेच लागू आहे. तो गोल असल्याने कडेला गडद असायलाच हवा, आणि नाकाकडच्या कोपऱ्यातला गुलाबी ठिपका गुलाबीच राहू द्या. दातांसाठी ‘ह्यू-सॅच्युरेशन’मध्ये फक्त ‘यलोज’ निवडून सॅच्युरेशन कमी करा, अगदी शून्यावर नेऊ नका.

प्रश्न : चेहऱ्याची एक बाजू पिवळी, दुसरी निळसर आली आहे. व्हाइट बॅलन्सने (उजेडाच्या रंगछटेच्या दुरुस्तीने) एक सुधारली की दुसरी बिघडते.

उत्तर : खिडकीचा उजेड आणि दिव्याचा उजेड एकाच फोटोत आला आहे, त्यामुळे एका व्हाइट बॅलन्सने भागणार नाही. दोन ‘कर्व्हज’ लेअर (रेषा वाकवून उजेड-रंग बदलणारे) घ्या. पिवळ्या बाजूसाठी निळ्या चॅनलची रेषा मधोमध थोडी वर उचला, निळसर बाजूसाठी तीच खाली आणा, आणि मास्कने (लेअरचा नको तो भाग झाकून) दोन्ही आपापल्या बाजूपुरते ठेवा. मास्कची कड नाकाच्या दांड्यावर अगदी मऊ हवी. तपासायला ‘इन्फो’ पॅनेलमध्ये सीएमवायके (सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा या छपाईच्या रंगांचे) आकडे बघा. त्वचेत पिवळा साधारण मॅजेंटाइतका किंवा थोडा जास्त असतो, आणि सायन दोघांपेक्षा बराच कमी. सावळ्या त्वचेत सायन वाढतो, पण त्यांच्या पुढे जात नाही.

प्रश्न : तीळ, जुना व्रण काढावा का?

उत्तर : दोन आठवड्यांत आपोआप जाणारे ते काढा, कायमचे असेल ते ठेवा. ज्यांचा फोटो आहे त्यांनी स्वतः सांगितले तरच हात लावा. ओळखपत्राच्या फोटोत तर मुळीच नको.

प्रश्न : पडद्यावर छान दिसणारा फोटो छापल्यावर काळवंडतो.

उत्तर : बहुतेक वेळा पडदाच फार प्रखर असतो. कोरा पांढरा कागद पडद्याशेजारी धरा आणि पडद्यावर पांढरी खिडकी उघडा. पडदा दिव्यासारखा झगझगला तर कागदाशी जुळेपर्यंत त्याचा उजेड कमी करा आणि मगच फोटो पुन्हा तपासा. रंग फिके येत असतील तर फाइल अॅडोबी आरजीबी या रंगप्रोफाइलमध्ये गेली असेल; ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ने एसआरजीबी करा. ‘असाइन प्रोफाइल’ नको, त्याने रंगच बदलून दिसतात. ८ बाय १० इंचाला ३०० पीपीआयने (इंचामागे पिक्सेल) २४०० बाय ३००० पिक्सेल लागतात. शार्पनिंग (कडा ठळक करणे) छपाईचा आकार ठरल्यावरच द्या, आणि आधी त्याच कागदावर डोळ्यांपासून ओठांपर्यंतचा तुकडा मूळ आकारात छापून पाहा.