टाकी मोठी केली तर प्रेशर वाढतं का?

प्रश्न : सर, आमचं इंदिरानगरला रो हाऊस आहे, गच्चीवर ५०० लिटरची टाकी. खालच्या किचनमध्ये पाणी मस्त येतं पण वरच्या बाथरूमचा शॉवर नुसता ठिबकतो, गॅस गीझर तर पेटतच नाही. प्लंबर म्हणतोय २००० लिटरची टाकी बसवा, पाण्याचं वजन वाढलं की प्रेशर आपोआप येईल. मिस्टर तयार झालेत, मला काही पटत नाहीये.
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, टाकीचा ॲडव्हान्स दिला नसेल तर देऊ नका.

पाण्याचं प्रेशर किती लिटर साठलंय यावर ठरतच नाही, त्या जागेच्या वर पाणी किती उंच उभं आहे एवढंच बघायचं. १० मीटर उंचीला साधारण एक किलो प्रेशर, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला एक किलो, सातपूर-अंबडच्या कंपन्यांमध्ये ‘दोन किलो प्रेशर’ म्हणतात ते हेच. आता तुमच्या शॉवरपासून टाकीतल्या पाण्याच्या लेव्हलपर्यंत मोजलं तर दीड-पावणेदोन मीटर भरेल, म्हणजे प्रेशर जेमतेम ०.१५ किलो, त्यात गीझर काय पेटणार! निफाडकडच्या द्राक्षवाल्यांना विचारा, ते साध्या ड्रिपलाच एक किलोच्या आसपास ठेवतात. किचनचा नळ अख्खा मजला खाली आहे म्हणून तिथे बरं येतं, टाकी तर तीच आहे ना.

प्लंबरचं वजनाचं म्हणणं अर्धं खरं आहे. वजन चौपट होईलच, पण मोठी टाकी काही चौपट उंच नसते, ती रुंद असते, तळ पसरला की वजनही पसरतं आणि एकेका चौरस सेंटीमीटरवर येणारा भार जवळपास तेवढाच राहतो. तरी मिस्टरांना पटत नसेल तर गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी घ्या, एक टोक टाकीच्या खालच्या आउटलेटला घट्ट लावा, दुसरं टाकीच्या बाहेर उभं धरा. नळीत पाणी असेल पाव-अर्धा लिटर, टाकीत शेकडो लिटर, तरी दोन्हीकडे लेव्हल एकच. जास्त पाण्याचं प्रेशर जास्त असतं तर टाकीने नळीतलं पाणी वर ढकलून बाहेर फेकलं नसतं का? सिमॉन स्टेव्हिन नावाच्या फ्लेमिश इंजिनिअरने हे १५८६ मध्येच लिहून ठेवलंय, आपल्याकडचे प्लंबर अजून ऐकायला तयार नाहीत.

मोठ्या टाकीने एक मात्र नक्की होईल, स्लॅबवर दोन टन पाणी बसेल.

मग करायचं काय तर आधी शॉवरची जाळी काढून बघा, बोअरचं पाणी असेल तर क्षाराने भोकं बुजलेली असतात. मग पाइप. नळ बंद असताना पाइप जाड की बारीक याने प्रेशरला फरक पडत नाही, पण पाणी वाहायला लागलं की अर्ध्या इंची लाइन आणि चार-पाच एल्बो त्यातलं बरंचसं खाऊन टाकतात, म्हणून वरच्या बाथरूमला टाकीपासून वेगळी एक इंची लाइन घ्या. टाकी दोन मीटरच्या लोखंडी स्टँडवर चढवली तर प्रेशर दुप्पट होईल पण धार काही दुप्पट होणार नाही, दीडपटीच्या आत राहील, आणि स्टँड बसवण्याआधी इंजिनिअरला स्लॅब दाखवा. गीझरसाठी खरं सांगू का, छोटा प्रेशर पंपच लागेल.

प्रश्न : गंगापूर धरणाचं पाणी मागे एवढं लांब पसरलंय, ते सगळं भिंतीला ढकलत असेल ना?
– एक विद्यार्थी, गंगापूर रोड

उत्तर : नाही रे, मागे पाणी शंभर मीटर असो नाहीतर दहा किलोमीटर, साठा स्थिर असेल तर भिंतीवरचं प्रेशर फक्त खोलीवर ठरतं. पृष्ठभागाजवळ जवळपास काहीच नाही, ३० मीटर खाली मात्र दर चौरस मीटरला ३० टन. गंगापूरचं धरण मातीचं आहे, माती उभ्या भिंतीसारखी टिकत नाही आणि खालून पाणीही पाझरतं, म्हणून त्याचा पाया इतका रुंद ठेवावा लागतो.