चीनच्या डावपेचांचा अभ्यास सुरू करणाऱ्यांसाठी

चीन-अमेरिका स्पर्धेचा अभ्यास तुम्ही नुकताच हाती घेतला आहे, म्हणून आधी एक सावधगिरी सुचवतो: न लढता शत्रूला नमवावे, या प्राचीन चिनी युद्धशास्त्रज्ञ सुन त्झूच्या शिकवणीवरून बीजिंगच्या प्रत्येक हालचालीचा अर्थ लावू नका. संयमी, बचावात्मक संस्कृतीचे जे चित्र रंगवले जाते (आणि चिनी मुत्सद्दीही ते आवडीने रंगवतात), ते 1950 मध्ये कोरियात, 1962 मध्ये भारताविरुद्ध आणि 1979 मध्ये व्हिएतनाममध्ये चीनने केलेल्या बळाच्या वापराशी जुळत नाही.

माझ्या मते त्याहून उपयोगी धागा ‘मानहानीच्या शतका’चा, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून परकीय सत्तांनी चीनला नमवल्याच्या काळाचा आहे. 1842 च्या नानजिंग तहाने ब्रिटनकडे गेलेले हाँगकाँग बेट, 1860 मध्ये ब्रिटिश-फ्रेंच फौजांनी लुटलेला आणि ब्रिटिशांनी जाळलेला बीजिंगचा युआनमिंगयुआन राजप्रासाद आणि 1895 मध्ये जपानला द्यावे लागलेले तैवान या घटना तेथे शालेय अभ्यासक्रमातून शिकवल्या जातात. मात्र ही स्मृती आपोआप टिकलेली नाही, तर 1989 मध्ये तिआनमेन चौकातील लोकशाहीवादी आंदोलन चिरडल्यानंतर, 1990 च्या दशकात, कम्युनिस्ट पक्षाने देशभक्तिपर शिक्षणाची मोहीम राबवून तिला मुद्दाम खतपाणी घातले. त्यामुळे तैवानबाबत तडजोड करणे बीजिंगच्या नेत्यांना देशांतर्गत राजकारणातही अवघड जाते.

अमेरिकेच्या स्वप्रतिमेलाही प्रत्यक्ष कृतीची हीच कसोटी लावा, कारण स्वतःला अपवादात्मक राष्ट्र मानण्याची तिचीही जुनी परंपरा आहे. दोन्ही परंपरा एकत्र पाहायच्या असतील, तर 1995-96 च्या तैवान सामुद्रधुनीतील पेचप्रसंगापासून सुरुवात करा. तेव्हा चीनने क्षेपणास्त्रे डागली आणि अमेरिकेने दोन विमानवाहू नौकांचे ताफे धाडले.