"इंग्रजी येत नाही म्हणून नापास झाले" असं वाटतंय? आधी स्कोअर रिपोर्ट वाचा

"मॅडम, पेपर इंग्रजीत हाय. मले प्रश्नच समजत नाही, तं उत्तर काय देऊ? पुन्हा फी भरू का राहू देऊ?"

दारव्हा तालुक्यातल्या एका गावातून आलेल्या २३ वर्षांच्या मुलीचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) बी.कॉम. झालेली, गावच्या सेवा केंद्रावर दाखल्यांचे अर्ज भरून देणारी, टायपिंगला वेगवान, एक्सेलवर चांगला हात बसलेला. पॉवर बीआय, म्हणजे आकडेवारीचे तक्ते-आलेख बनवून रिपोर्ट मांडायचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर. त्याची परीक्षा, म्हणजे पीएल-३००, तिने दिली आणि उत्तीर्ण व्हायला लागतात त्या ७०० गुणांच्या खाली राहिली. बाबांचं म्हणणं वेगळं. "सोयाबीनचा पैसा आला तसा गेला, आता पोरीनं अजून एकदा पेपर द्याचा म्हणते." रागावून नाही, काळजीनेच म्हणत होते; पण ते ऐकल्यापासून तिने लॅपटॉप उघडलाच नव्हता.

"इंग्रजी कच्चं" ही तक्रार विदर्भातल्या खेड्यापाड्यांतून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलामुलीच्या तोंडी असते. तिच्यात तथ्य असतं. पण नापास होण्याचं कारण तेच असेल असं धरून चालता येत नाही. कारण कागदावर असतं. ही परीक्षा संपली की स्कोअर रिपोर्ट मिळतो आणि त्यात एकूण गुणांखाली प्रत्येक विभागातली कामगिरी पट्ट्यांनी दाखवलेली असते. तिने तो रिपोर्ट एकदा बघून मिटवून ठेवला होता. आम्ही तो टेबलावर उघडून ठेवला.

पीएल-३०० चे चार विभाग आहेत. डेटा तयार करणे, मॉडेल बांधणे (तक्ते एकमेकांना जोडून त्यांवर हिशेब मांडणे) आणि दृश्यरूपात मांडून विश्लेषण करणे, या तिघांना प्रत्येकी २५ ते ३० टक्के वजन. व्यवस्थापन आणि सुरक्षा याला १५ ते २० टक्के. तिची पहिली पट्टी लांब होती, तिसरीही बरी होती. मॉडेलची पट्टी मात्र अर्ध्यातच थांबलेली आणि सुरक्षेची त्याहून आखूड. चारही विभागांचे प्रश्न एकाच भाषेत होते. इंग्रजीच आडवं आलं असतं तर चारही पट्ट्या आखूड दिसल्या असत्या. हे तिला समजावून सांगायची गरजच पडली नाही. पट्ट्यांवरून बोट फिरवताना ती स्वतःच म्हणाली, "म्हणजे मले रिलेशनशिप जमत नाही." रिलेशनशिप म्हणजे दोन तक्ते सामाईक रकान्यावरून जोडणं.

इथून पुढचं काम सोपं नव्हतं, पण आता ते कशाचं आहे हे कळलं होतं.

तिची पहिली तयारी व्हिडिओ बघून झाली होती. व्हिडिओतल्या कंपनीची सायकलविक्री, कुठल्याशा देशातली राज्यं, डॉलरमधली किंमत. शिकवणारा क्लिक करतो, आपण मान डोलावतो, आणि कळल्यासारखं वाटतं. परीक्षेत मात्र विचारतात की अशी परिस्थिती आहे, यातला कोणता मार्ग घ्याल? ते ठरवायची सवय बघून लागत नाही. म्हणून तिला सांगितलं की सायकली सोड, जो माल तू डोळ्यांनी पाहिला आहेस त्याचा डेटा घे. ॲगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर बाजार समित्यांची आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण भाव मिळतात. तिने कापूस, तूर, सोयाबीन अशी तीन पिकं आणि जिल्ह्यातल्या काही बाजार समित्या घेतल्या.

पहिला फटका तारखेने दिला. आपल्याकडे ०५-०६-२०२३ म्हणजे ५ जून. पॉवर क्वेरीचं (पॉवर बीआयमध्ये डेटा आत घेऊन साफ करायच्या भागाचं) लोकेल, म्हणजे देशानुसारची मांडणी, अमेरिकन असेल तर तेच ६ मे होतं. १३ तारखेपासून पुढच्या ओळींत एरर दिसते, म्हणून त्या तरी सापडतात. १ ते १२ या तारखा मात्र मुकाट चुकीच्या महिन्यात जाऊन बसतात. उपाय म्हणजे त्या रकान्याचा प्रकार बदलताना 'युजिंग लोकेल' निवडून इंग्लिश (इंडिया) देणं. दुसरा फटका नावांचा. "यवतमाळ" आणि सुरुवातीला एक रिकामी जागा असलेलं " यवतमाळ" संगणकाला दोन वेगळी गावं वाटतात. ट्रिम आणि क्लीन न करता रिलेशनशिप जोडली की काही ओळींना बाजारच सापडत नाही आणि तक्त्यात एक कोरी ओळ उगवते. आणि बाजारांच्या तक्त्यात एकच नाव दोनदा राहिलं, तर हवा असलेला एकास-अनेक (एक बाजार, त्याचे अनेक व्यवहार) संबंध न जुळता अनेक-अनेक होऊन बसतो.

मग मॉडेल. मधोमध व्यवहारांचा एक तक्ता (तारीख, बाजार, पीक, आवक, भाव) आणि भोवती तीन छोटे तक्ते: बाजार, पीक, दिनदर्शिका. याला स्टार स्कीमा म्हणतात आणि मॉडेलचे बरेचसे प्रश्न याच्याभोवती फिरतात. दिनदर्शिकेत एकही दिवस गाळायचा नाही, बाजार बंद असलेला रविवारसुद्धा; आणि 'मार्क ॲज डेट टेबल' करायचं. कापसाचा हंगाम ऑक्टोबर ते सप्टेंबर धरतात, म्हणून वर्षाच्या सुरुवातीपासूनची बेरीज करणाऱ्या टोटलवायटीडी या फंक्शनला वर्षअखेर ३० सप्टेंबर अशी द्यावी लागते. ती दिली नाही तर जानेवारीत बेरीज पुन्हा शून्यापासून सुरू होते. हे तिने एकदा बिघडवून पाहिलं, आणि मग ते तिच्या डोक्यातून गेलं नाही.

सगळ्यात जास्त वेळ सरासरीवर गेला, आणि तो जायलाच हवा होता. धरा, एका दिवशी यवतमाळला ४०० क्विंटल कापूस ७,००० रुपयांनी विकला गेला आणि दारव्ह्याला १०० क्विंटल ६,५०० रुपयांनी. भावाच्या रकान्याची साधी सरासरी ६,७५० येते. पण शेतकऱ्यांच्या हाती एकूण ३४,५०,००० रुपये आले आणि माल ५०० क्विंटल होता, म्हणजे खरा सरासरी भाव ६,९००. यासाठी समएक्स या फंक्शनने ओळीओळीत आवक गुणिले भाव करून त्या बेरजेला एकूण आवकेने भागायचं. हे मेजरमध्ये (रिपोर्टसाठीच्या सूत्रात) लिहायचं, कॅल्क्युलेटेड कॉलममध्ये (सूत्राने भरलेल्या रकान्यात) नाही. कॉलमची किंमत डेटा भरतानाच ठरून जाते, मेजर दर वेळी स्क्रीनवर निवडलेल्या फिल्टरप्रमाणे नव्याने मोजलं जातं. त्याच बैठकीत तिने "एकूण आवकेत दारव्ह्याचा वाटा" काढायला घेतला, तर प्रत्येक बाजारासमोर १०० टक्के! कारण भाजकावरही त्या ओळीचा फिल्टर लागलेला होता. कॅल्क्युलेट या फंक्शनमध्ये रिमूव्हफिल्टर्स वापरून बाजाराचा फिल्टर उतरवल्यावर आकडे जागेवर आले. फिल्टर कॉन्टेक्स्ट म्हणतात ते हेच. व्हिडिओत तिने त्याची व्याख्या लिहून घेतली होती, पाठही केली होती.

लॅपटॉप ४ जीबी रॅमचा. नवा घेण्याची गरज नव्हती. ऑप्शन्समधलं 'ऑटो डेट/टाइम' बंद केलं (ते तारखेच्या प्रत्येक रकान्यामागे एक लपलेला तक्ता बनवतं), नको असलेले रकाने क्वेरीतच काढून टाकले, काम करताना ब्राउझर बंद ठेवला. पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट आहे, विंडोजवरच चालतो, आणि इम्पोर्ट केलेला डेटा असेल तर नेट नसतानाही सराव होतो. गावात नेट आणि वीज दोन्ही बेभरवशाचे असताना ही फार मोठी सोय आहे. स्टोअरमधून घेतलेली आवृत्ती स्वतःहून अपडेट होत राहते आणि मोबाइलचा डेटा संपवते; म्हणून वेगळा इन्स्टॉलर उतरवून ठेवलेला बरा.

सुरक्षेच्या विभागासाठी पॉवर बीआय सर्व्हिस, म्हणजे रिपोर्ट इतरांना दाखवायची ऑनलाइन जागा, लागते आणि तिथे जीमेल चालत नाही; संस्थेचं किंवा कॉलेजचं खातं लागतं. ते मिळेपर्यंत तिने डेस्कटॉपवरच रोल (कुणाला कोणत्या ओळी दिसाव्यात याचे नियम) तयार करून 'व्ह्यू ॲज'ने तपासले. एक गोष्ट बहुतेकांची चुकते ती तिचीही चुकली होती: ओळींवरची मर्यादा, म्हणजे आरएलएस (रो-लेव्हल सिक्युरिटी), वर्कस्पेसमधल्या (सर्व्हिसवरच्या सामाईक जागेतल्या) फक्त व्ह्यूअरला लागू पडते. ॲडमिन, मेंबर आणि कॉन्ट्रिब्युटरला सगळा डेटा दिसतो.

आता इंग्रजीचं. ही परीक्षा मराठीत किंवा हिंदीत होत नाही. पण आपल्या भाषेत परीक्षा उपलब्ध नसेल तर ३० मिनिटं जादा मागता येतात. ही सवलत तारीख नोंदवण्याआधी मागून मंजूर करून घ्यायची असते. तारीख घेतल्यावर आठवून उपयोग नाही. अनेकांना हे माहीतच नसतं, आणि ज्यांना सगळ्यात गरज आहे तेच तिच्याविना बसतात, याचं वाईट वाटतं. दुसरं म्हणजे प्रश्नांची भाषा ठरावीक आहे. तिने वहीत जेमतेम पन्नासेक शब्द काढले: एन्शुअर, मिनिमाइझ, ओन्ली, लीस्ट, प्रिव्हेंट. प्रश्नाची शेवटची ओळ आधी वाचायची, काय मागितलंय ते पकडायचं, मग अटी शोधायच्या. चार पर्यायांत दोन बरोबर दिसतात; "कमीत कमी खटाटोपात" अशी अट त्यातला एक बाद करते.

पहिल्या वेळी तिला घाम फुटला तो केस स्टडीवर, म्हणजे एक लांबलचक परिस्थिती देऊन तिच्यावर विचारलेल्या प्रश्नांवर. एका प्रश्नाला अडली, पुढे जाईना, आणि शेवटचे प्रश्न कोरे राहिले. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे कोरं ठेवणं हे निव्वळ नुकसान. साधारण ४० ते ६० प्रश्न आणि १०० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला सरासरी दोन मिनिटं. दोन मिनिटांत सुटलं नाही तर वाटेल ते एक उत्तर निवड, खूण कर, पुढे जा. केस स्टडीचा आणि काही हो-नाही प्रश्नांचा भाग सोडला की मागे येता येत नाही, तेवढा तिथेच पुरा करायचा. छातीत धडधड वाढली तर हात माउसवरून काढून चार संथ श्वास, सोडताना जास्त वेळ. हे घरी सराव चाचणी देताना मुद्दाम घड्याळ लावून करायचं, नाहीतर ऐन वेळी आठवत नाही. मायक्रोसॉफ्ट लर्न या मायक्रोसॉफ्टच्या शिकवणी संकेतस्थळावरची सराव चाचणी फुकट आहे. ८० टक्के सातत्याने पडेपर्यंत तारीख घ्यायची नाही असं ठरलं. परीक्षेत लर्नची पानं उघडता येतात, पण घड्याळ थांबत नाही. शेवटी वेळ उरला तरच.

एका क्लासने तिला "खरे प्रश्न" विकत देऊ केले होते. ते घेणं नियमभंग आहे, प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं. शिवाय त्यातली उत्तरं किती तरी वेळा चुकलेली असतात. तिने नाही म्हटलं.

परीक्षा घरून द्यायची की केंद्रावर? घरून देताना खोलीत कुणी डोकावलं तरी परीक्षा थांबवली जाऊ शकते, आणि एकत्र कुटुंबात, पाहुण्यांच्या घरात ते सांभाळणं कठीण. नेट गेलं तर वेगळाच ताप. म्हणून नागपूरचं केंद्र, आदल्या दिवशी मुक्काम. प्रोफाइलमधलं नाव ओळखपत्राशी अक्षरशः जुळायला हवं. तिच्या ओळखपत्रावर वडिलांचं नाव मधे होतं, प्रोफाइलमध्ये नव्हतं. ते आधीच दुरुस्त केलं.

बाबांना एकदा बोलावून घेतलं. त्यांना तिने स्क्रीनवर कापसाचा रिपोर्ट दाखवला. ते बराच वेळ दारव्ह्याच्या रेषेकडे बघत होते, मग म्हणाले, "दिवाळीच्या आधी भाव पडला होता, बरोबर हाय." फीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. नोकरीच्या मुलाखतीतही प्रमाणपत्रापेक्षा असा स्वतः बांधलेला रिपोर्ट जास्त बोलतो, हे तिला स्पष्ट सांगितलं होतं. प्रमाणपत्र आलं की नोकरी लागली, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये.

दुसऱ्या वेळी ती पास झाली. मॉडेलची पट्टी या वेळी सगळ्यात लांब होती. प्रमाणपत्र वर्षभर टिकतं. मुदत संपण्याआधीच्या सहा महिन्यांत लर्नवर एक छोटी चाचणी घरूनच, फुकट देऊन ते वाढवता येतं. त्याची आठवण ईमेलवर येते. म्हणून परीक्षेची नोंदणी कॉलेजच्या खात्यावर करायची नाही, स्वतःच्या कायमच्या ईमेलवर करायची. कॉलेज सुटलं की ते खातं बंद होतं आणि प्रमाणपत्र त्यातच अडकून राहतं.