१४,५०० डॉलरचा बूटकॅम्प आत्ताच भरू का?

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका ताईंचा मेल आलाय. वय ४३, ग्रीन कार्ड आहे, फार्मा कंपनीत नऊ वर्षं क्यूए (मालाची गुणवत्ता तपासणं), पगार वर्षाला १,०४,००० डॉलर, आणि सप्टेंबरात अख्ख्या टीमला नारळ दिला. हातात नऊ आठवड्यांचा सेव्हरन्स (नोकरी जाताना कंपनी देते ते पैसे), म्हणजे टॅक्सच्या आधी १८,०००. नवऱ्याची नोकरी चालू आहे. त्यांना सायबर सिक्युरिटीचा १४,५०० चा बूटकॅम्प, म्हणजे झटपट कोर्स, करायचाय, पैसे ४०१के (निवृत्तीचं खातं) मोडून. अनएम्प्लॉयमेंटला, म्हणजे बेरोजगारी भत्त्याला, त्यांनी अर्जच केलेला नाही, कारण नवरा म्हणतो सेव्हरन्स संपेपर्यंत मिळत नाही आणि सासूबाई म्हणतात सरकारचं फुकटचं कशाला घ्यायचं. शिवाय डिसेंबरात भाच्याच्या मुंजीला तीन आठवडे पुण्याला जायचंय.

ताई, आधी सासूबाईंचा मुद्दा घेऊ, कारण बाकी सगळं त्यावरच अडलंय. मागच्या वर्षीचा डब्ल्यू-टू (कंपनी देते तो पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा फॉर्म) काढा आणि बॉक्स १४ बघा, तिथे यूआय, डब्ल्यूएफ, एसडब्ल्यूएफ अशी काहीतरी अगम्य अक्षरं आणि पुढे एक आकडा दिसेल. तो तुमच्या पगारातून कापलेला पैसा आहे. २०२५ चा हिशोब सांगतो, पहिल्या ४३,३०० डॉलरवर ०.४२५ टक्के, म्हणजे वर्षाला १८४ डॉलर, आणि असे तुम्ही नऊ वर्षं काही ना काही भरलेत. बहुतेक राज्यांत हा टॅक्स फक्त मालक भरतो, कामगाराच्या खिशातूनही घेणारी राज्यं तीनच, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि अलास्का. तेव्हा फुकटचं वगैरे काही नाही. कापलेल्या पैशातला थोडा हिस्सा राज्याच्या ट्रेनिंगच्या फंडातही जातो, तो मुद्दा पुढे लागेल. आणि सिटिझनशिपच्या वेळी 'पब्लिक चार्ज' (सरकारवर भार) म्हणून अंगाशी येईल अशी भीती असेल तर तीही सोडा, अनएम्प्लॉयमेंट त्यात धरत नाहीत, तो विमा आहे.

आता नवऱ्याचं म्हणणं. नोकरीच्या वर्षांवर मोजून दिलेला सेव्हरन्स न्यू जर्सीत भत्त्याच्या आड येत नाही. नोटिशीच्या बदल्यात दिलेला पगार असेल तर तेवढ्या काळापुरतं अडतं. नऊ वर्षांना नऊ आठवडे म्हणजे हा पहिल्या प्रकारातलाच दिसतोय (मोठ्या ले-ऑफमध्ये वर्षाला एक आठवडा द्यायचा हा राज्याचा कायदाच आहे, एप्रिल २०२३ पासून), तरी पत्रातला नेमका शब्द वाचा आणि अर्जात तोच लिहा.

किती मिळेल? सरासरी आठवड्याच्या पगाराच्या ६० टक्के, तुमचे होतात १,२००, पण २०२५ ची कमाल मर्यादा ८७५ आहे, त्यामुळे ८७५. जास्तीत जास्त २६ आठवडे, म्हणजे २२,७५०. न्यू जर्सी त्यावर टॅक्स लावत नाही, फेडरल मात्र लागतो, म्हणून १० टक्के आधीच कापून घ्या, एप्रिलमध्ये रडायला नको. क्लेम सुरू होतो तुम्ही अर्ज केलात त्या आठवड्याच्या रविवारपासून. तुम्ही पाच आठवडे नुसते बसून राहिलात, लवकर नोकरी लागली तर ते ४,३७५ डॉलर गेलेच समजा. आज रात्रीच अर्ज भरा. माझ्या मावसभावाला टॅम्पात ले-ऑफ मिळाला तेव्हा फ्लोरिडाने आठवड्याला २७५ दिले आणि तेही १२ आठवडेच, १९३५ चा फेडरल कायदा एकच पण प्रत्येक राज्याचा संसार वेगळा, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे इतर राज्यांतले सल्ले मनावर घेऊ नका. एच-वन व्हिसावाल्यांची गोष्ट तर अजूनच वेगळी, नोकरी गेल्यावरच्या त्यांच्या ६० दिवसांचं गणित इथे लावू नका.

आता बूटकॅम्प. मला खरी काळजी याची आहे. हातात १४,५०० पडायला हवेत तर १० टक्के दंड आणि २२ टक्क्यांचा फेडरल टॅक्स धरून ४०१के मधून साधारण २१,३०० काढावे लागतील, न्यू जर्सीचा टॅक्स अजून वेगळा. एका सर्टिफिकेटसाठी निवृत्तीतले एकवीस हजार! "शुक्रवारपर्यंत भरलं तर १,००० डिस्काउंट" असं बूटकॅम्पवाल्यांनी लिहिलंय म्हणता ना, तर शुक्रवार जाऊ द्या, असे शुक्रवार दर महिन्याला येतात.

त्याऐवजी तुमच्या काउंटीच्या वन-स्टॉप करिअर सेंटरमध्ये (नोकरी शोधायला मदत करणारं सरकारी केंद्र) अपॉइंटमेंट घ्या आणि ट्रेनिंग ग्रँटबद्दल विचारा, मघाचा तो ट्रेनिंगचा फंड इथे कामाला येतो. संस्था राज्याच्या मान्यताप्राप्त यादीत हवी आणि ज्या कामाचं शिकताय त्याला मागणी आहे असं राज्याने मानलेलं हवं. मुख्य म्हणजे मंजुरी आधी, नाव नोंदवणं नंतर, आधी पैसे भरून मग पावती घेऊन गेलात तर कोणी परत देत नाही. परवानगी न घेता दिवसभराचा कोर्स सुरू केला तर 'कामाला उपलब्ध नाही' म्हणून भत्ताही थांबू शकतो, मान्य केलेला कोर्स असेल तर तो चालू राहतो. बूटकॅम्प यादीत नसेल तर अजून एक रस्ता आहे, तो फार कमी लोकांना माहीत असतो. न्यू जर्सीत बेरोजगार माणसाला सरकारी कॉलेजात वर्गात जागा उरली असेल तर ट्यूशन (शिकवण्याची फी) माफ होते, इतर फी आणि पुस्तकं आपली, आणि फायनान्शियल एडचा फॉर्म आधी भरावा लागतो. मिडलसेक्स कॉलेज तुमच्या एडिसनमध्येच आहे. जागा उरली तरच, त्यामुळे हवा तोच वर्ग मिळेल असं नाही, पण जानेवारीच्या सेमिस्टरसाठी आत्ताच विचारायला हवं.

तुम्ही शनिवारी मुलांना गणित शिकवता, त्याचे १५० डॉलर येतात, ते आठवड्याच्या सर्टिफिकेशनमध्ये (भत्ता मागताना दर आठवड्याला भरायचा फॉर्म) लिहायचेच. तुमच्या ८७५ च्या २० टक्क्यांपर्यंत, म्हणजे १७५ पर्यंत, काही कापत नाहीत, त्यामुळे लपवण्यात फायदाही शून्य.

हेल्थ इन्शुरन्सचं पटकन सांगतो, कोब्राच्या (जुन्या कंपनीचा विमा स्वखर्चाने चालू ठेवण्याची सोय) महागड्या हप्त्याकडे बघण्याआधी नवऱ्याच्या प्लॅनमध्ये शिरता येतं का बघा, त्याला सहसा कव्हर गेल्यापासून ३० दिवसच मिळतात, एचआरला उद्याच फोन करा.

आणि मुंज. जरूर जा, पण पुण्यात बसून लॅपटॉपवर सर्टिफाय करू नका, देशाबाहेर असताना तुम्ही कामाला उपलब्ध नसता आणि त्या आठवड्यांचे पैसे घेतले तर दंडासकट परत मागतात. ते तीन आठवडे क्लेमच करू नका, परत आलात की क्लेम पुन्हा उघडा. न घेतलेले हप्ते क्लेमच्या वर्षात तसेच शिल्लक राहतात. फक्त परतीचं तिकीट कॉलेजच्या रजिस्ट्रेशनच्या चार दिवस आधीचं काढा, जेट लॅगमध्ये वन-स्टॉपचे फॉर्म भरणं मी एकदा एका क्लायंटबरोबर केलंय, पुन्हा नको.