ऐकलेल्या मैफली, हुकलेल्या मैफली

वाचकांच्या पत्रांत या वेळी शास्त्रीय संगीताच्या मैफलींचा विषय वारंवार आला. त्यातले निवडक पाच प्रश्न घेतले आहेत.

कुमार गंधर्व आणि किशोरीताई आमोणकर, दोघांनाही प्रत्यक्ष ऐकायचं राहून गेलं. आता रेकॉर्डिंगवरच भागवायचं तर सुरुवात कुठून करावी? मैफल आणि ध्वनिमुद्रिका यांत खरंच इतका फरक असतो का? (एक वाचक, नाशिक)

असतो, पण सगळ्यांच्या बाबतीत सारखा नसतो. आधी वेळेचं गणित पाहा. ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. एलपीच्या, म्हणजे नंतर आलेल्या लाँग-प्ले तबकडीच्या, एका बाजूला २० ते २५ मिनिटं. मैफलीत नुसता विलंबित (संथ लयीतला) ख्यालच ४०-५० मिनिटं चालतो. किशोरीताईंच्या गाजलेल्या एलपीवर एका बाजूला भूप आणि दुसऱ्या बाजूला बागेश्री आहे. तेवढ्या जागेत विलंबित आणि द्रुत (जलद) दोन्ही बसवलेले. मुद्रिका म्हणून तिला तोड नाही. पण एकाच गंधाराला (‘ग’ या स्वराला) चार अंगांनी जाऊन भिडायची त्यांची रीत तिथे पुरती कळत नाही, कारण त्या रीतीला वेळ लागतो. म्हणून त्यांच्या बाबतीत मैफलीचंच रेकॉर्डिंग शोधा, ज्यात एका रागाला तासाच्या आसपास वेळ दिला आहे. सुरुवातीची स्वरमंडळ जुळवण्याची मिनिटं पुढे ढकलू नका. आपला कान त्या पट्टीत बसायला तीच कामी येतात.

मल्लिकार्जुन मन्सूरांचं याच्या अगदी उलट. ते पहिल्या आवर्तनातच (तालाच्या पहिल्या फेरीतच) अख्खा राग समोर ठेवत आणि पंधरा-वीस मिनिटांत पुढच्या रागाकडे वळत. शिवमत भैरव, बहादुरी तोडी, एक निषाद बिहागडा असे अवघड राग त्यांच्याकडून एलपीवर ऐकतानाही फारसं हुकल्यासारखं वाटत नाही. किशोरीताई आणि मन्सूर, घराणं दोघांचंही जयपूर-अत्रौली, तरी इतका फरक.

केसरबाई केरकरांच्या बाबतीत आपल्यापाशी मुख्यतः ७८ च्या तबकड्याच उरल्या आहेत. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेलेली त्यांची भैरवीसुद्धा साडेतीन मिनिटांचीच. जुन्या तबकड्या ऐकताना एक पथ्य पाळा. त्या सगळ्या काटेकोर ७८ फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नाहीत. ७४ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजवली, तर आवाज जवळजवळ एका पट्टीने चढतो आणि ताना उगाच तुफान वेगाच्या वाटतात. ‘काय ती तयारी!’ म्हणण्याआधी वेग तपासलेला बरा.

आता कुमारजी. १९४७ च्या सुमारास त्यांना क्षयाने गाठलं, त्यात एक फुप्फुस निकामी झालं. पुढे पाच-सहा वर्षांनी ते पुन्हा गायला लागले ते आखूड, नेमक्या स्वरावलींनी. दोन स्वरावलींच्या मधली जागा तानपुरे भरून काढतात, आणि तानपुरा जुळवण्यात कुमारजी किती काटेकोर होते हे सर्वश्रुत आहे. मोबाइलच्या स्पीकरवर नेमकं हेच गायब होतं. गायकाची पट्टी काळी एक (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी) धरली, तर मध्य सा साधारण १३९ हर्ट्झ आणि खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे ६९ च्या आसपास. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून इतका खालचा मूळ नाद बाहेरच पडत नाही. मग मधली जागा रिकामी वाटते आणि ‘कुमारजी तोडून तोडून गातात’ असा गैरसमज होतो. साधे वायरवाले हेडफोन लावले तरी चित्र बदलतं. आवाज कमी ठेवा, तानपुरा जेमतेम ऐकू येईल इतकाच.

क्रम म्हणाल, तर आधी ‘गीतवर्षा’सारखा ऋतूंवरचा कार्यक्रम, मग त्यांनी बांधलेले मालवती, लगनगंधार, सहेली तोडी हे राग, आणि त्यानंतर त्यांनी गायलेले परंपरेतले राग. निर्गुणी भजनं शेवटी. ती सगळ्यांनी आधीच ऐकलेली असतात आणि बरेच जण तिथेच थांबतात. तबल्यावर वसंतराव आचरेकर असतील ते रेकॉर्डिंग आधी निवडा. कुमारजींनी सोडलेली जागा न भरता ठेका धरणं हे वाटतं तितकं सोपं काम नव्हे.

यंदा प्रथमच ‘सवाई’ला जायचं आहे. भारतीय बैठक घ्यावी की खुर्ची? पुढची जागा मिळवण्यासाठी धडपडावं का? (एक वाचक, चंद्रपूर)

पुढच्या जागेचा मोह सोडा. पुण्यातला सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव आता मुकुंदनगरच्या मैदानावरच्या प्रचंड मांडवात होतो. एवढ्या मांडवात तुम्ही ऐकता ते स्पीकरच. स्टेजच्या अगदी पुढे, कडेला बसलात तर एका बाजूचा स्पीकर कानावर आदळतो, दुसऱ्या बाजूचा पोहोचत नाही. डग्ग्याचा (तबल्याच्या जोडीतल्या डाव्या वाद्याचा) घुमारा फुगतो आणि शब्द दबतात. साउंडवाल्याचं टेबल कुठे आहे ते पाहा आणि त्याच्या पुढे, मधल्या रेषेत बसा. तो जे ऐकून आवाज लावतो, तेच तुम्हाला ऐकू येईल.

मागे बसणाऱ्यांसाठी मध्ये वेगळे स्पीकर लावतात. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ३५ मीटर मागच्या माणसाला स्टेजकडचा आवाज एक दशांश सेकंद उशिरा पोहोचतो. मधल्या स्पीकरला तेवढाच उशीर दिलेला नसेल, तर तबल्याची थाप दोनदा ऐकू येते. तसं जाणवलं तर तिथे चिकटून राहू नका, दहा-पंधरा पावलं सरका.

बैठक की खुर्ची हा प्रश्न गुडघ्यांना विचारावा. कार्यक्रम दुपारी सुरू होऊन रात्रीपर्यंत चालतो, त्यामुळे बैठकीसाठी सतरंजीवर घालायला जाडसर उशी हवीच. दुपारी मांडवात उकडतं आणि सूर्य मावळला की डिसेंबरची थंडी जमिनीतून वर येते. शाल आणि मोजे पिशवीत असू द्या. फक्त शेवटच्या कलाकारासाठी यायची पद्धत आहे, पण पहिल्या सत्रातले तरुण कलाकार मुद्दाम ऐका. दुपारचे राग तेव्हाच मिळतात आणि जागाही ऐसपैस असते. मध्ये उठायचं तर बंदिश संपल्यावर उठा. आलाप चालू असताना माणसांना ओलांडत जाऊ नका.

पूर्वी ‘सवाई’ रात्रभर चालायचा म्हणतात. मालकंस, दरबारी हे रात्रीचे राग आता ऐकायचे तरी कुठे? (एक वाचक, डोंबिवली)

भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ १९५३ साली महोत्सव सुरू केला आणि पुढे कित्येक वर्षं तो खरोखर उजाडेपर्यंत चालायचा. ते थांबलं ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांमुळे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं, आणि ते दिवस गणपती, नवरात्र यांच्यातही वाटले जातात. परिणाम असा की मुलतानी, मारवा, पूरिया धनाश्री, यमन यांची चंगळ झाली आणि मध्यरात्रीनंतरचे अडाणा, सोहनी, परज मंचावरून मागे पडले. रात्रीचा राग गायला तरी घड्याळाकडे बघत.

नियमात बंदिस्त सभागृहांना मात्र सवलत आहे. आवाज आतल्या आत राहत असेल तर रात्रभर मैफल करायला हरकत नाही. अडचण भाड्याची, वॉचमनची आणि शेवटच्या लोकलची. महाराष्ट्राबाहेर जायची तयारी असेल तर जानेवारीत कोलकात्याची डोव्हर लेन परिषद आणि एप्रिलच्या सुमारास वाराणसीचा संकटमोचन समारोह, दोन्हींकडे रात्रभर जागायची परंपरा आहे. संकटमोचनला मंदिराच्या आवारात बसायचं असतं. पहाटेच्या ललत-भैरवासाठी दूर जायची गरज नाही. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमांतून शास्त्रीय गायनाचा तेवढा निवडा, कारण बाकीच्या पहाटा भावगीतांच्याच असतात.

आज कोणाला ऐकायचं राहू देऊ नये? (एक वाचक, मडगाव)

यादी प्रत्येकाची वेगळी. तरी सप्टेंबर २०२३ मध्ये मालिनी राजूरकर गेल्या, जानेवारी २०२४ मध्ये चार दिवसांच्या अंतराने राशिद खान आणि प्रभा अत्रे, आणि त्याच डिसेंबरात झाकिर हुसेन. राशिद खान तर अवघे ५५ वर्षांचे होते. ‘पुढच्या वर्षी ऐकू’ म्हणणारे किती तरी जण हळहळले. आमच्या मते गायक उल्हास कशाळकर आणि तबलावादक सुरेश तळवलकर एकत्र बसणार असतील तर बाकीची कामं पुढे ढकलावीत. धारवाडचे वेंकटेश कुमार, अश्विनी भिडे-देशपांडे, आरती अंकलीकर यांनाही शक्यतो शंभर-दीडशे माणसांच्या छोट्या बैठकीत गाठा. तिथे सुराची फेक माइकशिवाय कळते.

वडिलांनी १९८० च्या दशकात मैफलींच्या ३०-४० कॅसेट भरल्या होत्या. काही खरखरतात, काहींचा आवाज दबका येतो. त्या वाचवायच्या कशा? (एक वाचक, कोल्हापूर)

घाईने प्ले दाबू नका. आधी कॅसेट उघडून दिसणाऱ्या टेपवर पांढरी बुरशी आहे का बघा. असेल तर ती घरच्या प्लेअरवर चालवूच नका, जाणकाराकडे द्या. बुरशी हेडला (प्लेअरमधल्या टेप वाचणाऱ्या भागाला) लागून पुढच्या कॅसेटवर जाते. बाकीच्या एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळा, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटलेले वेढे सुटतात. सी-१२० कॅसेटची टेप फार पातळ असते, ती गुंतते. तिला झटक्याने गुंडाळू नका.

डेकचं हेड आणि रबराचं चाक दर दोन-तीन कॅसेटनंतर पुसा. हेडसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी चालते. रबराला अल्कोहोल सारखं लावलं तर ते कडक होतं, तिथे ओलसर कापड पुरे.

दबक्या आवाजाचं कारण बहुतेक वेळा टेप नसते. ज्या डेकवर भरली त्याच्या हेडचा कोन आणि तुमच्या हेडचा कोन जुळत नाही. हेडच्या एका बाजूला स्प्रिंगवाला छोटा स्क्रू असतो. दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनोत ऐकत तो अगदी थोडा, पाव फेऱ्याच्या आत, इकडे-तिकडे फिरवा. तबल्याची किनार आणि गायकाचा ‘स’ ‘श’ जिथे सर्वांत स्वच्छ येतो तिथे थांबा. हे प्रत्येक कॅसेटला वेगळं करावं लागतं. स्क्रूची मूळ जागा आधी मार्करने खुणावून ठेवा.

संगणकात घेताना ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. एका तासाला साधारण एक जीबी लागतो, तेवढी जागा ठेवा. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. टाळ्यांना तो अचानक उसळतो. खरखर काढायचं सॉफ्टवेअर मूळ फाइलवर कधीही चालवू नका. त्याला तानपुऱ्याची जवारी (तारांची झणकार) आणि टेपची सळसळ यांतला फरक कळत नाही, दोन्ही पुसून टाकतं.

वेग तपासायची एक युक्ती आहे. सभागृहातल्या रेकॉर्डिंगमध्ये विजेचा ५० हर्ट्झचा मंद गुणगुणाट बहुधा असतो. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रम पाहा. तो ४८ वर दिसला तर टेप सुमारे चार टक्के हळू चालते आहे. टेप थांबवल्यावरही गुणगुणाट उरत असेल तर तो तुमच्या घरच्या वायरिंगचा, तो मोजू नका. त्या काळी विजेची फ्रिक्वेन्सीही खालीवर व्हायची, म्हणून शेवटचा निवाडा हार्मोनियमच्या पट्टीवरच करा.

प्रत्येक फाइलच्या नावात तारीख, गाव, कलाकार आणि साथीदार लिहा. कॅसेटच्या कागदावर वडिलांनी काही लिहिलं असेल तर त्याचा फोटो सोबत ठेवा. यूट्यूबवर टाकायची घाई मात्र नको. कलाकाराचा सादरीकरणावरचा हक्क कायद्याने पुढच्या वर्षापासून ५० वर्षं राहतो, तेव्हा १९८० च्या दशकातली गाणी त्यात येतात. कलाकाराच्या कुटुंबाला आधी विचारा. कित्येकदा त्यांच्याकडे ती मैफल नसते आणि तुमच्याकडची प्रत त्यांना हवी असते.